अप्पांची वाचा आणि चिरंजीवांचा नवा डेस्कटॉप

चिरंजीवांना सुधारणेची उबळ यायला मुहूर्त लागत नसे. पण त्या रविवारी तरी ती यायला नको होती. नाश्त्याच्या बश्या अजून टेबलावर होत्या, सूनबाई आंघोळीला गेली होती, आणि हा पंचेचाळिशीचा माणूस अप्पांच्या संगणकासमोर मांडी ठोकून बसला होता.

"अप्पा, बघाच तुम्ही आता," तो म्हणाला. "असा डेस्कटॉप करून देतो, की ताई बघत राहील."

अप्पा खुर्चीतून बघत होते. बघण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं. त्यांनी उभं आयुष्य लिलाव पुकारण्यात घालवलं होतं. मोडक्या कपाटापासून पियानोपर्यंत जे हातोड्याखाली आलं ते त्यांनी विकलं, आणि लिलावाच्या दालनातली माणसं म्हणायची की अर्धी बोली मालावर लागते आणि अर्धी अप्पांच्या आवाजावर. अशा माणसाला अर्धांगवायूने गाठलं. उजवा हात गेला, आणि त्याच्याबरोबर जीभही गेली. दुसऱ्याचं बोलणं सगळं कळायचं, डोक्यात स्वतःचे शब्द रांगेत उभे असायचे, पण दारातून एकही बाहेर पडायचा नाही. अक्षरंही गेली. पेपर समोर धरला की नुसत्या मुंग्या. आणि कळस म्हणजे मान फितूर झाली. 'हो' म्हणायला जावं तर ती आडवी हलायची, 'नाही' म्हणायला जावं तर उभी. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. होतं म्हणे! पहिल्या आठवड्यात सूनबाई "अप्पा, आणखी वाढू?" म्हणून विचारत होती आणि अप्पा जीव तोडून नको नको म्हणत पोट फुगेपर्यंत जेवले होते.

यातून वाट काढली होती ती चिरंजीवांनीच, आणि म्हणून तर त्याला शिव्या घालणंही अवघड होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत नोकरी, बटण दाबलं की काम झालं पाहिजे ही वृत्ती. त्याने संगणकाच्या पडद्यावर मोठीमोठी चित्रं मांडली. पेल्यावर दाबलं की संगणक म्हणायचा, "पाणी दे." खिडकीवर दाबलं की, "खिडकी उघड." अप्पांनी डाव्या हाताने मोठा गोळा बसवलेला माउस फिरवायचा आणि बटण दाबायचं. आवाज सूनबाईचा. चष्म्याच्या दुकानात दिवसभर भिंगं घासून आल्यावर संध्याकाळी ती माइकसमोर बसायची आणि एकेक वाक्य बोलायची. "गप्प बस रे" हे तिने इतक्या मनापासून म्हटलं होतं, की अप्पांनी पहिल्यांदा दाबलं तेव्हा चिरंजीव खरोखरच गप्प बसला होता. "तुझ्या नवऱ्याला आवर" हे तर तिने आपणहून घातलं होतं. म्हणजे सासरा सुनेला तिच्याच आवाजात हुकूम सोडायचा. सुरुवातीला अप्पांना ते जड गेलं. पण माणसाला बोलायला मिळालं की आवाज कुणाचा ते तो बघत नाही.

चित्रं कुठे कुठे आहेत ते अप्पांच्या हाताला पाठ झालं होतं. वरच्या कोपऱ्यात पाणी, त्याखाली चष्मा, मधोमध बाथरूम. आणि अगदी खाली उजवीकडे, आपल्या घराच्या दाराचा फोटो लावलेलं नवं वाक्य: "मला इथंच राहायचंय."

ते वाक्य आजच्यासाठी होतं. अप्पांची लेक आज त्यांना न्यायला येणार होती. ती दुसऱ्या गावी, एका मोठ्या हॉस्पिटलात हेड नर्स. तिच्या घरी तळमजल्यावर स्वतंत्र खोली होती, बाग होती, बोलायला शिकवणारी बाई हॉस्पिटलातच होती. तिचं चुकत होतं असं कुणीच म्हणू शकत नव्हतं. फक्त अप्पांना जायचं नव्हतं. आपली खुर्ची, आपली खिडकी, समोरच्या इमारतीत दिवसभर भांडणारं जोडपं, हे सोडून या वयात नव्या भिंतींची ओळख कोण करून घेणार? सूनबाईने एका संध्याकाळी प्रश्न विचारविचारून ते त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. अप्पांनी एकदा दाराकडे, एकदा खुर्चीकडे असं इतक्या वेळा बोट दाखवलं, की शेवटी तिनेच डोळे पुसले आणि वाक्य बोलून टाकलं. लेकीने फोनवर बजावलं होतं, "तुम्ही दोघं मला काही सांगू नका. अप्पा स्वतः म्हणाले तर राहू देत. नाहीतर मी गाडी घेऊनच येतेय."

आणि आज सकाळी चिरंजीवांनी नवा डेस्कटॉप चढवायला घेतला.

"हा जो जुना आहे ना," तो मान न वळवता सांगत होता, "तो आता कुणी वापरत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, अप्पांना अडगळीत ठेवलंय. आतलं यंत्र तेच राहतं, फक्त डोळ्यांना दिसणारं सगळं बदलतं. मेनू, पट्ट्या, खिडक्या. आणि नुसतं फुकट नाही बरं का, मुक्त आहे! जगभरातली माणसं स्वतःचा वेळ देऊन बनवतात. कुणाच्या बापाची मालकी नाही."

अप्पांचा मुक्त गोष्टींना विरोध नव्हता. पण ज्या मालाला मालक नाही त्याची तक्रार घेऊन जायचं कुणाकडे, हे त्यांना आयुष्यभराच्या धंद्याने शिकवलं होतं. त्यांनी माउसच्या दिशेने हात केला, "गप्प बस रे" दाबायला. चिरंजीवाने माउस आपल्याकडे ओढला.

"थांबा हो अप्पा, होतंच आलंय."

पडदा काळा झाला. मग उजळला. पडद्यावर एक डोंगर होता, धुक्यातला, निळा, अतिशय देखणा. डोंगरावर काहीही नव्हतं. पेला नव्हता, चष्मा नव्हता, दार नव्हतं.

"वा!" चिरंजीव म्हणाला.

अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सूनबाई केस टॉवेलात गुंडाळून बाहेर आली आणि दारातच थबकली. "अप्पांची चित्रं कुठे गेली?"

"कुठेही गेली नाहीत. आत फोल्डरमध्ये सुरक्षित आहेत. या डेस्कटॉपवर चित्रं ठेवतच नाहीत. पसारा होतो ना. हे बघ, इथे टाइप करायचं, की पाहिजे ते लगेच समोर येतं."

"टाइप करायचं?"

"हो."

"अप्पांनी?"

चिरंजीवाने कीबोर्डवरचा हात मागे घेतला. एवढा वेळ डोंगर बघण्यात गुंगलेल्या माणसाला आता बाप आठवला होता.

"तू लिफ्टमध्ये असं करतोस का?" सूनबाईचा आवाज चढला. "लोक आत उभे असताना बटणं काढून नेतोस, आणि वर सांगतोस, भिंत बघा किती स्वच्छ झाली?"

अप्पांना हे वाक्य इतकं आवडलं, की ते आपलं नाही याचं त्यांना वाईट वाटलं.

"जुनं परत लाव. आत्ताच्या आत्ता."

"ते..." चिरंजीव कान खाजवू लागला. "ते मी काढून टाकलं. जागा अडत होती."

सूनबाईने डोक्यावरचा टॉवेल सोडून खुर्चीवर आपटला. अप्पांकडे तर आपटायलाही काही नव्हतं.

मग सुरू झाला तो गोंधळ. चिरंजीव म्हणाला, एक छोटी जोडणी, म्हणजे वरून बसवायचा प्रोग्राम, टाकली की चित्रं दिसतील. जोडणी टाकली, तर ती म्हणे या आवृत्तीला चालत नाही. चालणारी शोधली, तर ती बसेना. बसली, तर पडदा गोठला. त्याच्या ओळखीचा कुणी लांबचा माणूस नेटवर सल्ले देत होता, आणि प्रत्येक सल्ल्याची सुरुवात 'अगदी सोपं आहे' अशी होत होती. मूळ डेस्कटॉप पुन्हा उतरवायला घेतला, तर नेट आज गोगलगायीला लाजवत होतं. सूनबाई दर थोड्या वेळाने येऊन "झालं?" एवढंच विचारायची आणि उत्तर न ऐकता परत जायची. अप्पांना पाणी हवं होतं. ते त्यांनी पेल्याकडे बोट दाखवून मिळवलं. बाथरूमला जायचं होतं. ते कसं कळवलं ते सांगण्यासारखं नाही. वर्षाच्या कमाईवर एका सकाळीत पाणी पडलं होतं, आणि ज्याने पाडलं तो "पाचच मिनिटं" म्हणत होता.

बेल वाजली तेव्हा चित्रं परत आली होती. म्हणजे चिरंजीव तसं म्हणत होता. अप्पांनी बघितलं तर पडद्यावर शेंगदाण्याएवढ्या खुणा होत्या, सगळ्या एकसारख्या. प्रत्येकीवर गाण्याच्या स्वराची खूण आणि खाली मुंग्या.

"चित्रं मी एकेक करून परत चिकटवतो," चिरंजीव घाईने म्हणाला. "आणि ती आपोआप बाराखडीच्या क्रमाने लागली आहेत, त्यामुळे सापडायला उलट सोपं..."

"तू दार उघड," सूनबाई म्हणाली.

लेक आली ती वाऱ्यासारखी. आल्याआल्या तिने अप्पांची नाडी बघितली, पायाची सूज दाबून बघितली, औषधांचा डबा उघडून बंद केला. दाराशी एक मोठी रिकामी बॅग ठेवली. अप्पांची नजर त्या बॅगेवरून हलेना.

"गाडी खाली थांबलीय," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आत पोचायला हवं. अप्पा, मी सगळी तयारी केलीय. पलंगसुद्धा आणलाय, वरखाली होणारा. येताय ना माझ्याकडे?"

नाही, असं अप्पांनी सर्वांगाने म्हटलं. मान उभी हलली.

"बघ," लेक भावाला म्हणाली. "हो म्हणतायत."

"ताई, त्यांची मान उलटी हलते, तुम्हाला सांगितलं होतं मी," सूनबाई म्हणाली. "त्यांना काय हवंय ते त्यांनी मला..."

"तुला. तेच तर. प्रत्येक वेळी ते तुला सांगतात आणि तू आम्हाला सांगतेस. मला त्यांच्याकडून ऐकायचंय. तो तुमचा संगणक आहे ना बोलणारा? बोलू दे की."

सगळे पडद्याकडे बघू लागले. चिरंजीवाच्या कपाळावर घाम होता. "ताई, आज जरा तांत्रिक अडचण..."

"छोट्या, तुझी कधी अडचण नसते?"

अप्पांनी डावा हात लांब करून माउस आपल्याकडे घेतला. खाली उजवीकडे, हाताला पाठ असलेल्या जागी गेले आणि दाबलं.

"हळू चाल रे," सूनबाईच्या आवाजात संगणक म्हणाला.

"कोण चालतंय?" लेकीने विचारलं.

एवढी वर्षं हजार माणसांना गप्प करून आपलं म्हणणं ऐकवलं, आणि आज स्वतःच्या पोटच्या पोरीला एक वाक्य ऐकवता येईना. रडावं की माउस डोंगरावर फेकून मारावा ते कळेना. चिरंजीव पुढे झाला. "अप्पा, मी शोधून देतो, कुठलं हवंय ते मला माहितेय."

"तू हात लावायचा नाहीस!" लेक ओरडली. "तू दाबलंस तर ते तुझं बोलणं झालं."

हे मात्र तिचं बरोबर होतं. अप्पांनी लेकीकडे बघितलं आणि त्यांना एकदम आपलं दालन आठवलं. माल ओळखीचा नसला, कागद हरवले असले, म्हणून लिलाव थांबत नसतो. पहिल्यापासून एकेक नग पुढे आणायचा. नको तो बाजूला.

ते अगदी वरच्या ओळीत गेले. पहिली खूण दाबली.

"आणखी नको."

अप्पांनी डावा तळवा उचलून हवेत बाजूला सारला. पुढचा.

"उकडतंय."

बाजूला.

"कूस बदल." बाजूला. "खिडकी उघड." बाजूला. "गप्प बस रे." यावर हात क्षणभर रेंगाळला, कारण चिरंजीव शेजारीच उभा होता. पण बाजूला.

"अगं, हे कुठवर चालायचं?" लेक म्हणाली. तिने घड्याळ बघितलं. खाली हॉर्न वाजला. अप्पांनी मान वरसुद्धा केली नाही. "चष्मा दे." "चहा थंड झालाय." "टीव्ही बंद कर." "तुझ्या नवऱ्याला आवर." लेकीला हसू फुटलं आणि तिने ते लगेच आवरलं. मधेच पडदा गोठला. चिरंजीव अगतिकपणे हात चोळत राहिला, सुटेपर्यंत सगळे तसेच थांबले. "दिवा बंद कर." "पाठ खाजव." "पाणी दे." "बाथरूम." अप्पांचा हात दुखू लागला होता, गोळा निसटत होता, एकदा तर चुकून परत वर गेला आणि "उकडतंय" पुन्हा ऐकावं लागलं. सूनबाईने पदराने त्यांचं कपाळ पुसलं. लेक आता घड्याळ बघत नव्हती. ती त्यांच्या तळव्याकडे बघत होती. शाळेला सुट्टी असली की ती दालनात मागच्या बाकावर बसायची, आणि नको असलेला माल असाच बाजूला जाताना तिने शेकडो वेळा पाहिला होता.

"मला इथंच राहायचंय."

अप्पांचा हात थांबला. तळवा बाजूला गेला नाही. त्यांनी तीच खूण पुन्हा दाबली.

"मला इथंच राहायचंय."

मग तिसऱ्यांदा दाबली, आणि वाक्य संपताच डावी मूठ टेबलावर अशी हाणली, की नाश्त्याच्या बश्या उडाल्या. एक वार, दोन वार, तीन वार. लिलाव संपला होता.

या मुठीनंतर बोली वाढवायची नसते हे घरात लेकीइतकं कुणाला माहीत नव्हतं. ती खुर्ची ओढून अप्पांच्या शेजारी बसली. जरा वेळाने तिने माउसवर हात ठेवला. "उरलेले बघू?" तिने विचारलं, आणि स्वतःच एकेक दाबत गेली. रेडिओ लाव. शाल दे. सूनबाई, लवकर ये. हळू चाल रे. शेवटची खूण झाली तशी तिने हात मागे घेतला.

"संपलं?"

"हो," चिरंजीव म्हणाला. "एवढेच आहेत."

"यात माझ्यासाठी काहीच नाही."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली असती तर बरं झालं असतं. सूनबाई घाईघाईने म्हणाली, "तसं नाही ताई, रोजच्या उपयोगाचं तेवढंच घातलंय..." आणि आपण काय बोललो ते कळून मधेच थांबली. अप्पांनी मान हलवली. ती कुठल्या दिशेने हलली याला आता काही अर्थ नव्हता. वर्षभरात त्यांनी पाठ खाजवायलासुद्धा वाक्य मागून घेतलं होतं. लेकीसाठी मागायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

"नवीन घालता येतं का?" लेकीने विचारलं.

"अगदी सोपं आहे," चिरंजीव म्हणाला, आणि बायकोची नजर बघून त्याने मुकाट्याने माइक जोडला.

"अप्पा, काय बोलू?" तिने विचारलं. अप्पा कसं सांगणार? तिने माइक हातात फिरवून बघितला. मग म्हणाली, "मी घरी आले की तुम्ही पेपरातून डोकं न काढता एकच विचारायचात. उत्तराचीही वाट बघायचा नाहीत. तेच बोलते." तिने घसा खाकरला आणि बोलली. चिरंजीवाने ते साठवलं आणि खुणेच्या जागी तिचा फोटो लावला, मोठा करून, पेल्याएवढा. त्या दिवसभरात त्याने केलेलं धड काम हे एवढंच.

पुन्हा हॉर्न वाजला. लेक उठली. औषधांच्या वेळा सूनबाईला पुन्हा एकदा ऐकवल्या, भावाला सांगितलं की यापुढे या पडद्याला हात लावलास तर बोटं मोडीन. रिकामी बॅग उचलली. दाराशी जाऊन तिने एका पायात बूट घातला.

"येते मी, अप्पा."

अप्पांना तिला पुष्कळ सांगायचं होतं. सावकाश जा. पोचलीस की फोन कर. तुझ्याकडे आलो नाही म्हणून रागावू नकोस. तो पलंग परत करू नकोस इतक्यात. हे सगळं डोक्यात रांगेत उभं होतं, आणि समोरच्या पडद्यावर तिला देण्याजोगा एकच शब्द होता. त्यांनी घाईने गोळा फिरवला आणि तिच्या फोटोवर दाबलं.

"आलीस?" तिच्याच आवाजात संगणकाने विचारलं.

लेक दारात थांबली. "अहो अप्पा, मी निघालेय."

अप्पांनी पुन्हा दाबलं.

"आलीस?"

खाली ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न दिला. लेकीने बॅग भिंतीशी ठेवली आणि वाकून पायातला बूट काढला.

"आले, अप्पा," ती म्हणाली.